पोर्टफोलिओवर कडक टीका झाली? मग या चुका टाळा

‘सगळं प्लास्टिक दिसतंय.’ ‘लायटिंग गंडलंय.’ ‘स्टुडिओत घ्यायच्या लायकीचं नाही.’

गेम आर्टिस्ट व्हायला निघालेल्यांना ही तीन वाक्यं कधी ना कधी ऐकावी लागतात. तिन्ही सारखीच झोंबतात, पण कामाच्या दृष्टीने त्यांची किंमत सारखी नाही. पहिलं वाक्य सॉफ्टवेअर उघडून तपासता येतं. दुसरं अर्धवट आहे, थोडं खोदावं लागतं. तिसऱ्यात तुमच्या चित्राबद्दल एक शब्दही नाही. बहुतेक चुका होतात त्या तिन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळे.

लगेच खुलासा देणं

‘वेळ कमी होता’, ‘हे जुनं काम आहे’, ‘गेम इंजिनमध्ये चांगलं दिसतं’. खुलासा खरा असेलही, पण भरती करणारा माणूस चित्र बघतो तेव्हा तुम्ही शेजारी नसता. टीका शब्दशः उतरवून घ्या, स्वतःच्या भाषेत सौम्य करू नका. मग एकच प्रश्न विचारा: ‘नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडखळली?’ बाकीचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं.

सांगितलेला उपाय डोळे झाकून करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. टीका करणाऱ्याला दुखणं बहुधा बरोबर दिसलेलं असतं, औषध मात्र तो अंदाजाने सांगतो. लाकडी पेटीला ‘प्लास्टिक वाटते, टेक्सचर बदल’ असा शेरा मिळाला, की मुलं नवं टेक्सचर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) लावतात आणि पेटी पुन्हा प्लास्टिकचीच दिसते. त्याआधी एवढं तपासा, याच क्रमाने:

१. रफनेस मॅप (पृष्ठभाग कुठे खडबडीत, कुठे गुळगुळीत हे सांगणारं राखाडी चित्र) एकटा उघडून बघा. सगळीकडे एकच राखाडी छटा असेल तर दोष सापडला. हात लागून गुळगुळीत झालेली कडा, फटीतली धूळ, लाकडाच्या उघड्या रेषा हे सगळं रफनेसमध्ये वेगवेगळं दिसायला हवं.

२. त्या मॅपवर एसआरजीबी (रंगीत चित्रांसाठीचं सेटिंग) चालू राहिलंय का? अनरिअल या गेम इंजिनमध्ये ती खूण काढावी लागते, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कलर स्पेस ‘नॉन-कलर’ ठेवावी लागते. चालू राहिलं तर ०.५ ची किंमत सुमारे ०.२१ अशी वाचली जाते आणि पृष्ठभाग उगाच चकाकतो. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या नेहमीच्या शेडरला (पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या प्रोग्रामला) रफनेसऐवजी स्मूथनेस लागतो, म्हणजे नेमकं उलट. रफनेस मॅप तसाच लावला की खडबडीत जागा चमकते आणि गुळगुळीत जागा मेलेली दिसते.

३. नॉर्मल मॅपमध्ये (खाचा-उंचवट्यांचा आभास देणाऱ्या चित्रात) खाच फुगवट्यासारखी दिसते का? तसं असेल तर हिरवा चॅनल उलटा आहे. अनरिअलला डायरेक्टएक्स पद्धत लागते, युनिटी आणि ब्लेंडरला ओपनजीएल. अनरिअलमध्ये टेक्सचर उघडून ‘फ्लिप ग्रीन चॅनल’वर टिक केली की भागतं.

४. मेटॅलिक किंमत (पृष्ठभाग धातूचा आहे का ते सांगणारी) लाकडाला ० हवी. चुकून ०.२ राहिली तरी रंग मळकट होतो.

५. कडा तपासा. खऱ्या पेटीची कडा ब्लेडसारखी धारदार नसते. दोन-तीन मिलिमीटरचा बेव्हल (कडेला उतार) दिला की तिथे प्रकाशाची बारीक रेघ उमटते आणि वस्तूला वजन येतं.

६. बेस कलरमध्ये (वस्तूच्या मूळ रंगाच्या चित्रात) सावल्या रंगवलेल्या आहेत का? अधातू वस्तूंचा रंग ० ते २५५ च्या मापात साधारण ३० ते २४० या पट्ट्यात ठेवा. शुद्ध काळा किंवा शुद्ध पांढरा वापरला की लायटिंग कितीही सुधारा, साथ देत नाही.

‘लायटिंग गंडलंय’ या शेऱ्याची परीक्षा यापेक्षा सोपी आहे. सगळ्या वस्तूंना एकच मध्यम राखाडी मटेरिअल लावा आणि रेंडर (सॉफ्टवेअरने काढलेलं तयार चित्र) २०० पिक्सेल रुंदीचं करून बघा. तरीही मुख्य वस्तू उठून दिसत नसेल तर टेक्सचरला दोष देऊ नका. प्रकाश किंवा कॅमेरा चुकलाय. राखाडीत चांगलं दिसून रंगीत झाल्यावर गोंधळ होत असेल तर खोट रंगांत आहे. ‘स्केल विचित्र आहे’ म्हणाले तर दृश्यात १८० सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा करा आणि दार, पायरी, खुर्ची त्याच्याशी ताडून बघा. सोबत चेकर टेक्सचर (बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन) लावा. शेजारच्या दोन भिंतींवरचे चौकोन लहानमोठे दिसले तर टेक्सेल डेन्सिटी (एका मीटरमागे टेक्सचरचे किती पिक्सेल) जुळत नाही. एका मीटरला ५१२ पिक्सेल ठरवले असतील तर तेच सगळीकडे, आणि कुठे मोडायचे तर जाणूनबुजून.

‘माझी स्टाइल आहे’ ही ढाल

कोपर चुकीच्या जागी वाकणं ही स्टाइल नसते. स्टायलाइज्ड (हुबेहूब नसलेल्या, सोप्या केलेल्या) कामात तर प्रमाणं जास्त काटेकोर लागतात, कारण लपायला तपशील कमी असतो. आवड आणि दोष वेगळे करायची एक ढोबळ कसोटी अशी: एकमेकांचं न ऐकता तिघांनी त्याच जागेवर बोट ठेवलं तर तो दोष धरा. एकालाच जांभळा रंग खटकत असेल तर सोडून द्या.

सगळं पुसून टाकणं, किंवा एकाच कामाला महिनोन्‌महिने ठिगळं लावणं

सीम (टेक्सचरचा दिसणारा सांधा), उलटा चॅनल, एसआरजीबी या चुका त्याच दिवशी दुरुस्त करा. कॅमेरा आणि प्रकाशाला एक-दोन दिवस द्या. मूळ प्रमाण किंवा सिल्हूटच (बाह्याकृतीच) चुकलं असेल तर ते काम पोर्टफोलिओतून काढा आणि तोच धडा एका नव्या, लहान प्रॉपवर (पेटी, खुर्चीसारख्या सुट्या वस्तूवर) गिरवा. चार पक्की कामं बाराच्या गर्दीपेक्षा बरी, कारण सगळ्यात कच्चं काम तुमची पातळी ठरवतं.

फार उशिरा आणि फार मोघम विचारणं

‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ मिळतं, नाहीतर शिव्या. ब्लॉकआउट (साध्या ठोकळ्यांची कच्ची मांडणी) झाल्याबरोबर दाखवा. तेव्हा भिंत सरकवायला पाच मिनिटं लागतात, बेक झाल्यावर (प्रकाश-तपशील टेक्सचरमध्ये कायम उतरवल्यावर) दोन दिवस. सोबत वायरफ्रेम (मॉडेलच्या रेषांची जाळी), त्रिकोणांची संख्या, टेक्सचरचा आकार, मूळ संदर्भचित्र आणि हे काम कशासाठी आहे ते द्या. फर्स्ट पर्सन (खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेममधली हातातली बंदूक आणि दूरवरचा बुरूज यांना एकच निकष लागत नाही. दुरुस्तीनंतर जुनं आणि नवं रेंडर त्याच कॅमेऱ्यातून, त्याच प्रकाशात शेजारी ठेवा. नाहीतर नेमकं काय सुधारलं हे तुम्हालाही कळणार नाही.

राहिलं ते ‘लायकीचं नाही’. एकदाच विचारा: ‘कोणत्या कामाशेजारी ठेवल्यावर कमी पडतं?’ नाव मिळालं तर त्या कामाचं चित्र आणि तुमचं चित्र एकाच आकारात बाजूबाजूला उघडा आणि वरच्यापैकी नुसत्या चित्रावरून करता येतील त्या तपासण्या दोन्हींवर लावा. नाव मिळालं नाही तर ती ओळ वहीतून खोडा.