पोपटी कशी लावावी

रायगड जिल्ह्यात भातकापणी उरकली की जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल पेरला जातो आणि थंडी चांगली पडू लागली की त्याच्या शेंगा भरू लागतात. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या भागांत संध्याकाळी शेतावर जमून या शेंगा मडक्यात भाजण्याची जी जुनी रीत आहे, तिला पोपटी म्हणतात. आणि पोपटी कोणी 'करत' नाही, ती 'लावतात'. तिच्यात तेल नसते आणि वरून पाणीही घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची जी वाफ होते, तिच्यातच सगळे शिजते. म्हणून ही वाफ मडक्यात कोंडून ठेवणे हेच पोपटीतले खरे कसब आहे, आणि पुढची बहुतेक काळजी त्यासाठीच घ्यावयाची आहे.

आठ-दहा माणसांसाठी अडीच ते तीन किलो शेंगा लागतात. शेंग हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहावी. आतला दाणा टपोरा लागला पाहिजे, पण साल हिरवीच हवी. पिवळी पडलेली शेंग आतून पिठूळ निघते आणि कोवळ्या शेंगेत खाण्यासारखे काही नसते. वालाच्या जोडीला पावट्याच्या किंवा तुरीच्या थोड्या शेंगा चालतात. शेंगा धुवून निथळून घ्याव्यात, मात्र शिरा काढू नयेत आणि त्या मोडूही नयेत.

दुसरी अत्यावश्यक वस्तू म्हणजे भांबुर्ड्याचा पाला. पुणेकरांना या नावाने शिवाजीनगरचे जुने गाव आठवेल. येथे मात्र शेताच्या बांधावर आणि कापणी झालेल्या खाचरांत थंडीत आपोआप उगवणारे एक रानटी झुडूप अभिप्रेत आहे. त्याची पाने मऊ व लवदार असतात आणि चुरगळली की त्यांना ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. ओळख नसेल तर गावातल्या जाणत्या माणसाकडूनच तो काढून घ्यावा, अंदाजाने कोणताही पाला उपटून मडक्यात घालू नये. तो मिळाला नाही म्हणून कोबीची किंवा केळीची पाने वापरणारेही असतात. शेंगा त्यातही शिजतात, याबद्दल वाद नाही; परंतु मडके उघडताच जो वास अंगावर येतो, तो भांबुर्ड्याचा असतो आणि तो नसेल तर त्या केवळ उकडलेल्या शेंगा होत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मडके जुने, वापरातले आणि रुंद तोंडाचे घ्यावे. दहा-बारा लिटरचे पुरते. ते आधी दोन दिवस उन्हात ठेवून पूर्ण वाळवणे आवश्यक आहे. एकदा मी पडवीतला पाण्याचा माठ रिकामा करून तसाच जाळावर ठेवला होता. दहाव्या मिनिटाला आतून टक् असा आवाज आला, माठाला उभी चीर गेली, वाफ निघून गेली आणि एका बाजूला करपलेल्या, दुसऱ्या बाजूला कच्च्या अशा शेंगा आम्ही मुकाट्याने खाल्ल्या.

मडके भरताना प्रथम तळाशी पाल्याचा चार बोटे जाड थर द्यावा. त्यावर शेंगांचा थर, त्यावर मूठभर खडेमीठ व चिमूटभर ओवा, पुन्हा शेंगा, असे भरत जावे. बटाटे, रताळी आणि मिळाल्यास कोनफळाचे तुकडे मधल्या थरांत ठेवावेत. बटाट्यांना चिरा देऊन त्यांत आले, लसूण, मिरची व मीठ यांचे वाटण भरले तर ते विशेष चांगले लागतात. अंडी सालासकटच ठेवावीत, पण मडक्याच्या भिंतीला टेकू देऊ नयेत, कारण तेथे ती तडकतात. कोंबडी घालावयाची असल्यास लहान तुकडे करून त्यांना हळद, मीठ, लिंबू, वाटण आणि घरचा आगरी मसाला चोळून दोन तास मुरवावे आणि केळीच्या पानात घट्ट पुरचुंडी बांधून ती बरोबर मध्यभागी ठेवावी. हल्ली पोपटीच्या नावाखाली पनीरपासून मक्याच्या कणसापर्यंत वाटेल ते कोंबले जाते. शेंगा निम्म्याहून कमी झाल्या की ओलावा कमी पडतो आणि तळ करपतो, एवढे लक्षात ठेवून ज्याने त्याने ठरवावे.

मडके गळ्यापर्यंत भरले की तोंडात पाल्याचा बोळा दाबून दाबून बसवावा. मडके उलटे केले तरी एक शेंगही खाली पडता कामा नये.

जागा शेतमालकाला विचारूनच निवडावी. भोवतालचे वाळलेले गवत आणि धसकटे पाच-सहा फुटांपर्यंत साफ करावीत, पेंढ्याच्या उडवीपासून दूर राहावे आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी ठेवाव्यात. सपाट जमिनीवर मडके उपडे ठेवून ते कलंडू नये म्हणून बाजूंना दगड लावावेत. उपडे ठेवण्यामागे साधे कारण आहे: वर चढणारी वाफ मडक्याच्या बुडाशी अडते आणि तोंड जमिनीला टेकलेले असल्याने पाल्याचा बोळा जळत नाही. मग चहूबाजूंनी गोवऱ्या व सुकी लाकडे रचून वरून पेंढा किंवा नारळाच्या सुक्या झावळ्या टाकाव्यात. पेंढा लवकर भडकतो आणि लवकर विझतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. एकसारखी धग गोवऱ्याच देतात.

सूर्य मावळताना जाळ केला की साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, कोंबडी असल्यास पाऊण तासाच्या आत घाई करू नये. जाळ एकाच बाजूला झुकत असेल तर निखारे काठीने दुसरीकडे सारावेत. झाले की नाही, हे पाहण्यासाठी मडके उघडावे लागत नाही. लांबूनच त्याच्या बुडावर पाण्याचे थेंब शिंपडावेत. ते चर्रकन् आवाज करून क्षणात उडून गेले आणि धुरातून पाल्याचा वास वेगळा ओळखू येऊ लागला, की निखारे बाजूला करावेत. मडके लांब काठीने आडवे करून, दुमडलेल्या गोणपाटात धरून बाहेर घ्यावे व पाच-दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. मग काठीने बोळा ओढून काढताना तोंड बाजूला ठेवावे, कारण पहिली वाफ चेहरा भाजण्याइतकी कडक असते.

सगळे केळीच्या पानांवर एकदम ओतावे. पाला खावयाचा नसतो, तो वेचून टाकावा. पुरचुंडी उघडून कोंबडीचा जाड तुकडा हाडापर्यंत मोडून पाहावा. आत गुलाबी रंग दिसला तर ती पुरचुंडी तशीच पुन्हा निखाऱ्यांवर ठेवावी. शेंग मात्र गरम असतानाच खावी: टोक बोटांनी धरायचे, दातांत हलकेच दाबून ओढायचे, दाणे तोंडात आणि साल हातात राहते. सोबत कच्चा कांदा असावा; हंगाम जुळल्यास अलिबागचा पांढरा, कारण त्याचा गोडसरपणा खारट शेंगेला बरोबर पडतो. साले गुरांसाठी वेगळी गोळा करावीत आणि निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर दोन्ही बादल्या रिकाम्या करून राख काठीने उकरून पाहावी. मडके शाबूत राहिले असेल तर काळे पडले म्हणून घासत बसू नये. ते तसेच पुढच्या पोपटीसाठी कोरड्या जागी उपडे ठेवून द्यावे.