बाहेरच्या देशातून आलेल्या लहान पेशंटला डिस्चार्ज देताना सिरपचं एवढं बघाच

टांझानिया, केनिया, इराकहून मुंबईत हार्टच्या ऑपरेशनला लहान मुलं येतात, त्यांच्या आईला घरी जाताना नुसतं "५ एमएल द्या" सांगून सोडू नका. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप ५ एमएलमधे १२५ एमजीचं पण मिळतं आणि २५० चं पण, ड्रॉप्स तर १ एमएलमधेच १०० एमजी, आणि तिकडे तिला कुठली बाटली मिळेल काय सांगावं, म्हणून कागदावर औषधाचं मूळ नाव, डोस एमजीमधे आणि मुलाचं वजन लिहाच. दुभाषा समोर असतानाच तिच्याच हाताने सिरिंजमधे डोस भरून घ्या, रेघेवर मार्करने खूण करा, आणि ही खूण याच बाटलीपुरती हेही सांगा. मोठ्या भावंडाला दुभाषा करू नका प्लीज, त्या पोरावर फार ताण येतो.