थ्रेड बदलताना डेटा ऑब्जेक्ट थेट देऊ नका: कोअर डेटातील या चुका टाळा

लातूरच्या आडत बाजारातील सोयाबीनच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) नोंदवणारे आयफोन ॲप आम्ही कोअर डेटा या ॲपलच्या माहिती साठवण्याच्या फ्रेमवर्कवर तयार केले. चाचणीत ते सुरळीत चालले. मात्र ऐन हंगामात पट्ट्यांची यादी वाढली आणि ॲप अधूनमधून बंद पडू लागले. मुख्य कॉन्टेक्स्टमधून (कॉन्टेक्स्ट म्हणजे ऑब्जेक्ट आणि त्यांतील बदल सांभाळणारी कोअर डेटाची कार्यजागा) काढलेले पट्टीचे ऑब्जेक्ट आम्ही हमाली-तोलाई वजा करून हिशेब करण्यासाठी थेट बॅकग्राउंड थ्रेडकडे (पडद्यामागे समांतर चालणाऱ्या कामाकडे) देत होतो, हे त्याचे कारण निघाले.

‘आपण फक्त वाचतो आहोत, मग बिघडेल काय?’ हा समज सर्वांत घातक आहे. मॅनेज्ड ऑब्जेक्ट (कोअर डेटातील नोंदीचा ऑब्जेक्ट) आपल्या कॉन्टेक्स्टशी बांधलेला असतो आणि त्यातील माहिती पुष्कळदा मागितल्यावरच डेटाबेसमधून आणली जाते. त्यामुळे दुसऱ्या थ्रेडवरून नुसते वजन वाचले, तरी त्या कॉन्टेक्स्टच्या आतल्या नोंदींना हात लागतो. बिघाड दर वेळी होत नाही, म्हणून तो चाचणीतून निसटतो.

ऑब्जेक्टऐवजी त्याचा ऑब्जेक्ट आयडी (नोंदीची ओळख) द्यावा आणि बॅकग्राउंड कॉन्टेक्स्टच्या ‘परफॉर्म’ ब्लॉकमध्ये (त्या कॉन्टेक्स्टच्या स्वतःच्या रांगेत चालणाऱ्या कोडमध्ये) ‘एक्झिस्टिंग ऑब्जेक्ट’ ही पद्धत वापरून तीच नोंद नव्याने मिळवावी. इथे आमची दुसरी चूक झाली. नवी पट्टी सेव्ह होण्याआधीच आम्ही तिचा आयडी पुढे पाठवला. तो आयडी तात्पुरता असतो, सेव्ह झाल्यावर कायमचा आयडी वेगळा मिळतो. साहजिकच दुसऱ्या कॉन्टेक्स्टला ती पट्टी सापडेना. आधी सेव्ह करावे, मगच आयडी घ्यावा. जुन्या नोंदीतील बदलही सेव्ह झाल्याशिवाय पलीकडे दिसत नाहीत.

केवळ दाखवण्यासाठी किंवा बेरजेसाठी माहिती हवी असेल, तर पट्टी क्रमांक, क्विंटलमधील वजन आणि भाव एवढेच साध्या स्ट्रक्टमध्ये (कॉन्टेक्स्टशी न बांधलेल्या मूल्यांच्या रचनेत) उतरवून घ्यावे. हे उतरवून घेणेही मूळ कॉन्टेक्स्टच्या ब्लॉकमध्येच झाले पाहिजे. ही अट घाईत हमखास विसरली जाते.

चूक नेमकी कुठे आहे हे शोधण्यासाठी एक्सकोड या ॲपलच्या ॲप तयार करण्याच्या साधनातील स्कीममध्ये (ॲप चालवण्याच्या मांडणीत), रनच्या आर्ग्युमेंट्सखाली, कोअर डेटाचा ‘कन्करन्सी डीबग’ हा पर्याय १ असा द्यावा. त्यानंतर चुकीच्या थ्रेडवरून ऑब्जेक्टला हात लागताच ॲप त्याच ओळीवर थांबते. आमच्या ॲपमध्ये ती ओळ तोलाईचा आकडा वाचणारी होती.