क्लचचं पेडल खाली बसतंय? मास्टर आणि स्लेव्ह जोडीनेच बदला

पिकअपच्या क्लचचं पेडल दाबल्यावर तसंच खाली राहत असेल, गिअर खरखरत पडत असेल, तर गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. पेडल मास्टर सिलिंडरमधलं ऑइल दाबतं, ते पाइपमधून स्लेव्ह सिलिंडरला ढकलतं आणि स्लेव्ह क्लच सोडवतो. आधी गिअरबॉक्सच्या बाहेर लावलेल्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट (टोपण) उचलून पाहा. आत ऑइल साचलेलं दिसलं तर कप, म्हणजे ऑइल अडवणारं आतलं रबरी सील, गेला. एकच सिलिंडर बदलला तर दुसऱ्याचा जुना कप लवकरच दगा देतो. पाइपच्या नटाला फ्लेअर पानाच (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा) लावा, साध्या पान्याने कोपरे झिजतात.

खरी डोकेदुखी ऑइलमध्ये अडकलेल्या हवेची. नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधीच व्हाइसमध्ये धरून ब्रेक ऑइल भरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबा. ब्रेक ऑइल तेच, जे त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइलने रबर फुगतं. मग एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने स्लेव्हवरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडून बंद करायचा, त्यानंतरच पेडल सोडायचं. मध्येच टाकी रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. निपल सिलिंडरच्या वरच्या बाजूला नसेल तर हवा आतच अडकते.

पेडलच्या पुशरॉडला (मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांडीला) किंचित मोकळीक हवीच. नाहीतर ऑइल टाकीत परतत नाही आणि क्लच घसरतो.