माल ‘फ्री’ झाला म्हणून उड्या मारणाऱ्यांनो, या चुका टाळा

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या माझ्या खोलीत आयात-निर्यातीचे कागद बघता बघता बावीस वर्षं झाली. दिल्लीहून अधिसूचना निघाली की तासाभरात फोन सुरू होतात. “काका, माल खुला झाला म्हणे. मागवू का?” अधिसूचना वाचली का, असं विचारलं की पलीकडे शांतता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दोन ओळींवर लोक कंटेनर बुक करतात. मुलीचं स्थळ बघताना हेच लोक सात पिढ्या खणून काढतात.

सगळ्यांत महाग चूक तारखेची. बंदी, परवाना, कोटा यांच्यासाठी आयातीची तारीख म्हणजे बिल ऑफ लेडिंगची (बी.एल., जहाज कंपनीची मालाची पावती), म्हणजे माल तिकडे जहाजावर चढला ती. सीमाशुल्काचा दर मात्र कस्टम्स कायद्याच्या कलम 15 प्रमाणे बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं विवरण) भरल्याच्या दिवशीचा किंवा जहाज ‘एंट्री इनवर्ड’ झाल्याच्या, म्हणजे त्याला बंदरात माल उतरवायची परवानगी मिळाल्याच्या दिवशीचा, यांतला जो नंतरचा तो. दोन वेगळे कायदे, दोन वेगळ्या तारखा.

इंदूरच्या दाळ मिलवाल्यांची सवय पिवळ्या वाटाण्याने बिघडवली. डिसेंबर 2019 मध्ये त्यावर किलोला 200 रुपये किमान आयात किंमत लावली आणि बंदर फक्त कोलकाता ठेवलं. म्हणजे आयात बंदच म्हणा. 8 डिसेंबर 2023 पासून ही बंधनं उठली, शुल्कही माफ झालं, आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. (हा वाटाणा पुढे कोणाच्या बेसनात जातो, यावर मी शेवेच्या गावात राहून बोलणार नाही.) तिथे सवलत बी.एल.च्या तारखेवरच होती. 1 नोव्हेंबर 2025 पासून 30 टक्के शुल्क लागलं तेही बी.एल.ची तारीख बघूनच. पण तसं त्या अधिसूचनेत लिहिलेलं होतं. लिहिलेलं नसेल तर कलम 15.

2024 च्या गणपतीतली गोष्ट. दाळीच्या धंद्यातल्या एका घरचा मुलगा तेलात उतरला. कांडला बंदरात येणाऱ्या जहाजातलं थोडं कच्चं सोयातेल त्याने हाय-सी सेलवर, म्हणजे माल समुद्रात असतानाच, घेतलं आणि पुढे रिफायनरीला जुन्या शुल्काचा हिशेब धरून विकूनही टाकलं. 14 सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झालं. हा माझ्याकडे आला तो अगदी निवांत. “काका, माझी बी.एल. ऑगस्टची आहे. शिवाय बिल ऑफ एंट्री दहा तारखेलाच भरून ठेवलंय.” जहाज इनवर्ड कधी झालं, विचारलं. म्हणाला, “सोळाला.” मी चष्मा काढून ठेवला. बिल ऑफ एंट्री आगाऊ भरता येतं, पण त्याने दर बांधला जात नाही. ते इनवर्डच्या दिवशीच भरलं असं कायदा धरतो. दर कोटीमागे 22 लाख जास्तीचे, आणि सौद्यात शुल्क बदललं तर ते कोणी सोसायचं याची एक ओळ नाही. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. सारं इंदूर झांक्या (चित्ररथ) बघायला रस्त्यावर आणि आम्ही दोघं कॅल्क्युलेटर घेऊन खोलीत. आकडा काही कमी झाला नाही.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या सौद्यात ती ओळ मी स्वतःच्या हाताने घालतो. समोरची पार्टी कुरकुरली तर सौदा सोडा म्हणतो. शास्त्रोक्त पद्धत असेल-नसेल, माझी हीच.

दुसरी चूक ‘फ्री’ या शब्दाची. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) यादीत फ्री म्हणजे आयातीचा परवाना लागत नाही, एवढंच. वाटाण्याला प्लांट क्वारंटाइनचा वेगळा परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतंच. पीथमपूरच्या प्लास्टिकवाल्यांना विचारा. त्यांचा माल फ्रीच होता, पण बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) गुणवत्ता आदेशामुळे परदेशी कारखान्याला बीआयएस परवाना असल्याशिवाय प्लास्टिकचा दाणा आत येत नव्हता. नोव्हेंबर 2025 मध्ये असे 14 आदेश केंद्राने मागे घेतले, तेव्हा कुठे दार उघडलं. मी स्वतः खुल्या व्यापाराच्या बाजूचा आहे, पण सकाळी उघडून संध्याकाळी लावायचं असेल तर ते दार उघडूच नये.

सवलतीच्या खिडकीची मुदत आणि जहाजाचे दिवस ताडून बघत नाहीत, हीही चूक. कापसावरचं 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 ला माफ झालं ते आधी 30 सप्टेंबरपर्यंतच. अमेरिकेहून गाठ यायलाच महिना-दीड महिना लागतो. पुढे डिसेंबरअखेरपर्यंत मुदत वाढली म्हणून पुष्कळांचं निभावलं. वाढेलच, असं धरून मात्र चालू नका.

निर्यातवाल्यांनी 13 मे 2022 आठवावा. गव्हाची निर्यात एका रात्रीत बंद झाली. आधीची, रद्द न होणारी एल.सी. (बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) असलेले तेवढे सुटले. काही शहाण्यांनी मागच्या तारखेच्या एल.सी. आणल्या आणि मग सगळ्यांच्याच कागदांची कसून तपासणी सुरू झाली. मालव्याचा गहू तोंडी सौद्यावर कांडल्याला पाठवणारे ट्रकभाडं मोजत बसले. एल.सी. खरी असली तरी बंदीनंतर 15 दिवसांत ती डीजीएफटीकडे नोंदवावी लागते. पंधरावा दिवस उजाडेपर्यंत थांबू नका.

आपल्याकडे खुलं म्हणजे तिकडेही खुलं नसतं. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेल रोखलं ते 23 मे पर्यंत.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, शेजारच्या दुकानदाराला विचारून लिहू नका.

आणि आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो पोर्टलवर अपडेट करावा लागतो, काहीही बदललेलं नसलं तरी. पाच मिनिटांचं काम. जुलैत माझ्या जिन्यावर जी रांग लागते, त्यातल्या निम्म्यांचं जहाज चार दिवसांवर असतं.