गाडीच्या चाव्यांचं काम शिकताय? या चुका टाळा

नवीन पोरं शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "प्रोग्रामर कुठला घेऊ?" अरे, आधी लॉक उघडून आतले वेफर, म्हणजे चावीच्या कटांप्रमाणे वरखाली होणाऱ्या छोट्या पट्ट्या, तरी बघा! चावीची चिप गाडीशी जोडणारं हे मशीन महाग घेतलं म्हणजे काम येतं हा गैरसमज मी इतक्या वेळा पाहिलाय की आता मी पहिले 2 महिने कोणाला प्रोग्रामरला हातच लावू देत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे बॅटरी न तपासता प्रोग्रामिंगला बसणं. माझ्याकडे एक पोरगा होता, हात चांगला, पण घाई फार. सगळ्या चाव्या हरवलेली गाडी होती, दार उघडायला आणि चावी कट करायला दीड-दोन तास गेले, तेवढा वेळ दार उघडं, आतला दिवा चालू, मग इग्निशन ऑन करून हा पिन कोड, म्हणजे नवी चावी जोडायला लागणारा गाडीचा सिक्युरिटी कोड, काढत बसला. मी दुसऱ्या गाडीवर होतो. गाडीच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तिच्या कंप्युटरमध्ये, डेटा राइट होता होता मधेच कम्युनिकेशन तुटलं. मी येऊन बॅटरीला मीटर लावला तर 11.4 व्होल्ट. सिक्युरिटी लाइट फडफडत होता, स्टार्टर फिरेना, आणि मूळ डेटाचा बॅकअप घेतलेलाच नव्हता. मॉड्यूल बाहेर काढून दुसऱ्या माणसाकडून डेटा दुरुस्त करून आणावा लागला, गाडी 4 दिवस उभी, खर्च माझा, आणि त्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायची लाज वाटत होती.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. आधी मीटर. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.4 च्या खाली असेल तर मी सुरुवातच करत नाही, स्थिर व्होल्टेज देणारा सपोर्ट लावतो. दुसऱ्या चालू गाडीवरून जंपर केबल टाकून प्रोग्रामिंग करू नका, व्होल्टेज वरखाली होतं. हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं बंद. आणि वाचता येईल तो डेटा आधी सेव्ह करा, मगच राइट.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट मारणं. 10-12 वर्षं वापरलेली चावी बोटाने चाचपून बघा, कडा गोल झालेल्या लागतील. कटाच्या दोन डेप्थमधला, म्हणजे खोलींमधला, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे झीज कॉपी केली आणि त्यात मशीनचा फरक मिळाला की नवी चावी जुनीपेक्षाही वाईट. हलवून हलवून फिरते, मग एक दिवस अडकते आणि गिऱ्हाईक म्हणतं लॉक खराब आहे. चावी डीकोड करा, म्हणजे कटांची खोली मोजा, किंवा लिशीने (लॉकमध्ये घालून कट वाचायचं हत्यार) दाराच्या लॉकमधून कट वाचा, फॅक्टरी डेप्थला आणा आणि कोडने कट करा. बऱ्याच गाड्यांत दाराच्या लॉकमध्ये इग्निशनपेक्षा कमी वेफर असतात, उरलेले कट शोधावे लागतात, तिथे डोकं लावायचं, अंदाजाने ब्लँक (न कापलेल्या कोऱ्या चाव्या) वाया घालवायचे नाहीत.

बाकीच्या पटापट सांगतो. दारात पट्टी खुपसून उघडू नका, आत वायरिंग असतं आणि काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सरही, एअर वेज (फुगवून दाराची फट वाढवणारी पिशवी) आणि लांब रॉड वापरा. मालकाची कागदपत्रं आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय हात लावू नका, कितीही गयावया केली तरी. पिन कोड चुकला तर पुन्हापुन्हा टाकत बसू नका, काही गाड्या लॉकआउट होतात, म्हणजे कोड घेणंच बंद करतात. नवी चावी जोडताना घरातल्या सगळ्या चाव्या मागवा, काही सिस्टिममध्ये त्या वेळी हजर नसलेली चावी मेमरीतून उडते.

आणि टेस्ट करताना नवी चावी एकटी घ्या. जुनी त्याच रिंगमध्ये राहिली तर इग्निशनभोवतीची कॉइल जुन्या चावीची चिप वाचू शकते, गाडी चालू होते, आपण खूश होऊन निघतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की जुनी चावी जवळ धरली तरच स्टार्ट होते. जुनी चावी मी गाडीपासून लांब ठेवायला सांगतो, मग नवीने 3 वेळा स्टार्ट करून बघतो, रिमोटचं प्रत्येक बटण दाबतो, दाराचं लॉक हाताने फिरवतो.