इन्फ्रारेड फोटोग्राफी शिकताना: लेन्सची पारख आणि पानांवरचा व्हाइट बॅलन्स

इन्फ्रारेडकडे वळणारे बहुतेक जण आधी फिल्टरबद्दल विचारतात. ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्याहून कमी लहरलांबीचा प्रकाश अडवणारा घ्या, सुरुवातीला तोच बरा. तो प्रश्न एवढ्यावर मिटतो. खरा वेळ द्यायचा तो लेन्सला. एरवी अतिशय धारदार असलेली महागडी लेन्स इथे निरुपयोगी ठरू शकते आणि कॅमेऱ्यासोबत आलेली साधी किट लेन्स सुरेख काम देऊन जाते. लेन्सवरचं कोटिंग दृश्य प्रकाशासाठी, म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरसाठी बेतलेलं असतं. त्यापुढचा प्रकाश काचांवरून आणि लेन्सच्या आतल्या भागांवरून परावर्तित होत राहतो आणि फोटोच्या मधोमध फिकट गोल डाग उमटतो. हाच हॉटस्पॉट.

कोणत्या लेन्सला डाग येतो याच्या याद्या मिळतात. त्या जरूर पाहा, पण शेवटचा शब्द मानू नका, कारण सेन्सरवरून उलट फिरणारा प्रकाशही यात भर घालतो. मी प्रत्येक लेन्स स्वतः तपासते. एकसारखं आभाळ किंवा सपाट भिंत समोर धरायची, एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एकेक टप्पा (स्टॉप) लहान करत फोटो घ्यायचे आणि संगणकावर कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवून बघायचे. अपर्चर लहान होत जातं तसा डाग ठळक होतो. झूम असेल तर दोन्ही टोकं आणि मधलं अंतर, सगळं तपासा. एका टोकाला डाग आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं सर्रास होतं. माझं बहुतेक काम एफ/५.६ ते एफ/८ मध्येच होतं. लहरी लांब असल्याने डिफ्रॅक्शनचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा, मऊपणाही इथे लवकर जाणवतो, त्यामुळे एफ/१६ चा मोह टाळलेलाच बरा.

फोकसचंही एक आहे. इन्फ्रारेड प्रकाश दृश्य प्रकाशाच्या जागी फोकस होत नाही. जुन्या मॅन्युअल लेन्सवर त्यासाठी वेगळी लाल खूण असायची. आता लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात, मोठं करून बघितलं की भागतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरं कशाला मानायचं ही सेटिंग, ऑटोवर ठेवला तर पडदाभर लाल रंग दिसतो. उन्हातलं गवत किंवा हिरवी पानं फ्रेमभर घेऊन कस्टम व्हाइट बॅलन्स करा. पानांच्या आतल्या पेशींची आणि हवेच्या पोकळ्यांची रचना इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत फेकते, म्हणून ती पांढरी येतात. १९१० मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी असे फोटो प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच घ्या आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल चॅनल वेगळा बघा, तो सर्वांत आधी फाटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो.

नवखे पुढे हमखास अडतात ते संगणकावर. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग-तापमानाची पट्टी २००० केल्व्हिनला थांबते आणि फोटो लालच राहतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्या कॅमेऱ्यासाठी तापमान खाली ओढलेलं वेगळं प्रोफाइल, म्हणजे रंग कसे वाचायचे ते सांगणारी फाइल, एकदा बनवून ठेवलं की पट्टीला पुन्हा वाव मिळतो. त्यानंतर लाल आणि निळ्या चॅनलची अदलाबदल केली की आभाळ निळं होतं. ८५० नॅनोमीटरचा फिल्टर असेल तर मात्र या अदलाबदलीत वेळ घालवू नका. तिथे रंग जवळपास उरतच नाही, सरळ कृष्णधवल करा.